उलटी प्रदक्षिणा : शाळेच्या मैदानावरच्या सहा बुट्ट्या

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या मंगळवारी मी शिट्टी मारली आणि विचारलं, "चकतीला कोण कोण?" सातवीच्या ४६ जणांतून अकरा हात वर आले. पंधरा दिवसांपूर्वी हीच पोरं पहिला नंबर लागावा म्हणून एकमेकांच्या पायावर पाय देत होती. आता मागून आवाज आला, "सर, आमी खो-खोच खेळतो की."

चकती म्हणजे डिस्क गोल्फ. खेळ नवा होता, पोरांना आवडलेला होता, सामान तयार होतं, मैदान घरचं होतं. तरी तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त वर्ग त्यातून उठून गेला. असं का झालं आणि जानेवारीत आम्ही काय बदललं, त्याची ही नोंद. दुसऱ्या कुठल्या शाळेत कुणाला हे करून बघायचं असेल तर माझ्या चुका तरी फुकट मिळतील.

आमची शाळा सांगली-तासगाव रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. मैदान साडेतीन एकर, म्हणजे आजच्या दिवसांत श्रीमंतीच. पश्चिमेला आणि उत्तरेला शेजाऱ्याचा ऊस, पूर्वेला शाळेची इमारत आणि रस्ता, दक्षिणेला लिंबाची सहा-सात झाडं आणि एक पार. पीटीचा तास ३५ मिनिटांचा. कबड्डी लावली तर दोन्हीकडचे मिळून चौदा खेळतात आणि बत्तीस जण टाळ्या वाजवतात. त्या बत्तिसांत दर वर्षी तीच पोरं असतात, आणि पीटीच्या मास्तराला ती चेहऱ्यानं पाठ असतात: जाडी, चष्म्याची, दम लागणारी, आणि मुलींमधल्या बऱ्याच जणी. एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासाठी काही केलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

डिस्क गोल्फ आमच्याकडे आलं ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळं. तो नोकरीला फिनलंडला आहे. तिकडं हा खेळ गावोगावच्या बागांत चालतो, बहुतेक ठिकाणी फुकट. सुट्टीला आला तेव्हा तीन चकत्या माझ्या टेबलावर ठेवून गेला आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. खेळ समजायला तेवढी दहा मिनिटं पुरली. गोल्फसारखंच सगळं, चेंडूच्या जागी चकती, खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली साखळ्यांची बुट्टी. ठरलेल्या रेषेवरून फेकायची, जिथं पडेल तिथं जायचं, तिथून पुढं फेकायची. कमीत कमी फेकींत जो बुट्टीत टाकेल तो जिंकला. पळायचं नाही, कुणाला धरायचं नाही, कुणी बाद होत नाही. माझे ते बत्तीस जण मला व्हिडिओ बघतानाच दिसायला लागले होते.

आमच्या भागात टोपलीला बुट्टी म्हणतात, आणि शाळा बुडवण्यालाही बुट्टी मारणंच म्हणतात. "सर, आज बुट्टी मारायची का?" हा विनोद पहिल्या दिवशी झाला तो अजून चालू आहे. मुख्याध्यापकबाईंना तो अजून आवडलेला नाही.

ऑगस्टमध्ये सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे बुट्टी नव्हतीच. तीन बांबू रोवले आणि बांबूला चकती लागली की झालं, असा नियम केला. पहिल्याच तासाला भांडण. "लागली!" "न्हाई लागली, वाऱ्यानं हाललाय बांबू!" पुढं वाचताना कळलं की या खेळाचंही असंच झालं होतं. एड हेड्रिक या अमेरिकन गृहस्थानं १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा तिथंही लक्ष्य म्हणून नुसते खांबच होते. साखळ्यांची बुट्टी त्यानंच नंतर काढली. साखळी वाजली आणि चकती आत राहिली, की वादाला जागा नाही. १९७६ मध्ये त्यानं प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन सुरू केली, जिचे नियम आज जगभर चालतात. म्हणजे आमच्या सातवीच्या पोरांनी एका तासात जे शोधून काढलं ते कॅलिफोर्नियातही भांडूनच समजलेलं असणार.

तर बुट्ट्या. बाहेरून मागवायच्या तर एकीच्या पैशात आमच्या सहा होत होत्या. द्राक्षबाग काढलेल्या एका पालकांनी मांडवाचे जुने अँगल दिले, पाइप विकत घेतला, आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं मजुरी न घेता जोडून दिलं. साखळ्यांचा प्रश्न मला वाटलं सगळ्यात सोपा. बाजारात म्हशी बांधायच्या साखळ्या मिळतात, त्या आणल्या. एका बुट्टीला दहा, वरच्या कड्यापासून सरळ खाली पडद्यासारख्या सोडल्या.

पहिल्या दिवशी दोन पावलांवरून टाकलेली चकतीही उलटून अंगावर आली. जोरात टाकली तर भिंतीवर आपटल्यागत परत. हळू टाकली तर दोन साखळ्यांच्या मधून पलीकडं. फॅब्रिकेशनवाला बघत उभा होता. त्यानं हातानं एक साखळी हलवून बघितली आणि म्हणाला, "सर, ही म्हैस धरायला केलीय. चकती धरायची तर साखळीनं मागं सरकायला पायजे." बरोबर होतं त्याचं. चकतीचा जोर साखळीनं स्वतः हलून जिरवायचा असतो. साखळी जड असली की ती हलत नाही, आणि जोर चकतीकडंच परत येतो. मग आम्ही कुत्र्याच्या गळ्यात घालतात त्या बारीक साखळ्या घेतल्या, बाहेरच्या गोलात बारा, आतल्या गोलात सहा. खालची टोकं मोकळी न सोडता खांबाभोवतीच्या एका कड्यात ओवली, म्हणजे साखळ्यांचा आकार वर रुंद, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा झाला. दोन्ही गोलांतली फट एकमेकांसमोर येणार नाही असं बघितलं. आता चकती साखळीला लागते, साखळी छनन करून मागं जाते, चकती खांबाला टेकते आणि खालच्या बुट्टीत पडते. तो आवाज पोरांना इतका आवडतो की काही जण फेकी मोजायचंही विसरतात. आठवीच्या वर्गाची खिडकी मात्र दुसऱ्या बुट्टीच्या समोर येते. गणिताच्या सरांनी तक्रार केल्यावर ती बुट्टी चाळीस पावलं लांब नेली.

नियमातल्या बुट्टीचा काठ जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर असतो. पाचवीच्या पोरांसाठी आम्ही दोन बुट्ट्या त्याहून हातभर खाली ठेवल्या. जमिनीत पाइपचा तुकडा सिमेंटमध्ये पक्का केला आणि बुट्टीचा खांब त्यात नुसता उभा राहतो. संध्याकाळी उपसून खोलीत. लोखंड रात्री मैदानावर ठेवलं की सकाळी भंगारात जातं, याचा आम्हाला अनुभव आहे.

आता माझी चूक.

मांडणी मी एका रविवारी केली, आणि मदतीला बोलावला दहावीतला भालाफेकीचा मुलगा, जो जिल्ह्याला खेळलेला. त्याच्या हातात ड्रायव्हर दिली. ड्रायव्हर म्हणजे पातळ, धारदार काठाची, लांब जाणारी चकती. असल्या काठाच्या चकत्या १९८३ पासून निघाल्या आणि खेळाची अंतरं त्यामुळंच वाढली. त्यानं ५२ मीटर टाकली. मला आनंद झाला. व्हिडिओत बघितलेली मैदानं डोक्यात होतीच. मी टेप धरून सहा अंतरं आखली: ५८, ७२, ६४, ८५, ७०, ६१. एकूण ४१० मीटर. मैदानाच्या कडेकडेनं एक फेरी, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. आपण देवळात फिरतो तशी. दिशेचा मी विचारच केला नव्हता. दुसरी काही दिशा असते हेच डोक्यात आलं नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं चकत्यांचे पैसे दिले होते. एक चकती आम्हाला हजाराच्या वर पडली. वीस घेतल्या, त्यात बारा ड्रायव्हर आणि आठ पटर. पटर म्हणजे जाड, बोथट काठाची चकती, जवळून बुट्टीत टाकायला. जास्त लांब जाणारी जास्त चांगली, एवढंच माझं गणित होतं.

पहिला मंगळवार जत्रेसारखा गेला. दुसऱ्या मंगळवारी मी वही घेऊन एका गटामागून चाललो. चौघं होती. पहिल्या बुट्टीला एकानं पाच फेकी घेतल्या, एकानं सात, तिसऱ्यानं आठ. चौथी, चष्म्याची एक मुलगी, नवव्या फेकीलाही बुट्टीपासून दहा पावलांवर होती. मागं दुसरा गट येऊन थांबला होता, त्यातलं कुणीतरी "आवर की गं" म्हणालं. तिनं चकती हातात घेतली, बुट्टीपर्यंत चालत गेली आणि आत ठेवून दिली. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तास संपला तेव्हा तो गट दुसऱ्या बुट्टीच्या निम्म्यात होता.

आणि ऊस. तीन आठवड्यांत नऊ चकत्या उसात गेल्या. उभा आडसाली ऊस, डोक्याच्या वर वाढलेला, आत पाल्याचा थर. त्यात गेलेली चकती चार पावलांवरूनही दिसत नाही. पोरं आत शिरायची, ती मला घोणशीच्या भीतीनं नको होती आणि उसाच्या मालकाला उसाच्या काळजीनं. तो एक दिवस बांधावर येऊन उभा राहिला. भांडायला आला असेल असं मला वाटलं, पण तो शांतपणे म्हणाला, "सर, ऊस माझा हाय, चकत्या तुमच्या हायत. पोरं आत शिरली की दोघांचंबी नुकसान. कायतरी बघा."

मी पोरांवर चिडत होतो. "सरळ टाका रे, सरळ!" हे मी त्या तीन आठवड्यांत किती वेळा ओरडलो असेन! पण नऊच्या नऊ चकत्या डावीकडंच कशा जातात, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडला एका मुलाला. तो म्हणाला, "सर, सगळी उजव्या हातानं टाकत्यात, आन सगळ्यांची डावीकडं वळतीया. मग पोरांचं काय चुकतंय?"

हे या खेळातलं अगदी बाराखडीतलं आहे आणि मी ते वाचून सोडून दिलं होतं. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा बाहेर नेत, फेकलेली चकती वरून बघितली तर घड्याळाच्या दिशेनं गरगरते. वेग आहे तोवर सरळ जाते. वेग उतरला की डाव्या अंगाला कलते आणि डावीकडं उतरते. हा शेवटचा वळसा प्रत्येक चकतीला कमी-जास्त असतोच. ड्रायव्हरला तो सगळ्यात जास्त, कारण तिचा पातळ काठ मोठ्या वेगासाठी केलेला असतो. भालाफेकवाल्या मुलाच्या हातून तिला तो वेग मिळाला, म्हणून ५२ मीटर. बारा वर्षांच्या पोराच्या हातून सुटली की तिचा वेग सुरुवातीलाच अपुरा असतो. ती पंधरा मीटर गेली की लगेच कोयत्यासारखी डावीकडं वळते. आणि आमची फेरी प्रदक्षिणेची. प्रदक्षिणा करताना देव उजव्या हाताला राहतो, म्हणजे बाहेरची बाजू डाव्या हाताला. पश्चिमेच्या कडेनं उत्तरेला चाललं की डावीकडं ऊस, उत्तरेच्या कडेनं पूर्वेला चाललं की डावीकडं पुन्हा ऊस. मी मैदान असं आखलं होतं की नवख्या पोराची साधी, नेहमीची फेक उसात जाईल. त्यावर पुन्हा त्यालाच ओरडत होतो.

डिसेंबरात खेळ बंद ठेवला आणि फक्त मोजलं. ४६ पोरं, प्रत्येकाच्या तीन फेकी, या वेळी पटरनं. जिथं पडेल तिथं खुंटी. सगळ्यात लांबची ४१ मीटर, सगळ्यात जवळची ९. बहुतेक खुंट्या १८ ते २५ मीटरच्या पट्ट्यात दाटीनं उभ्या होत्या, गव्हाच्या वाफ्यासारख्या. ते दृश्य मी फोटो काढून ठेवलं आहे. माझ्या मांडणीतली सगळ्यात जवळची बुट्टीसुद्धा त्या पट्ट्याच्या दुपटीहून लांब होती. भालाफेकवाला मुलगा सोडला तर ते मैदान मी कुणासाठीच आखलं नव्हतं.

आणखी एक गंमत मोजताना दिसली. ज्या पोरांच्या ड्रायव्हरच्या फेकी मी आधी लिहून ठेवल्या होत्या त्यातल्या बऱ्याच जणांची पटर ड्रायव्हरपेक्षा लांब गेली होती, आणि जवळपास सरळ. लांब जाणारी चकती द्या म्हणजे लांब जाईल, हे गणित लांब फेकणाऱ्यांपुरतंच खरं. उरलेल्या ड्रायव्हर त्या दिवशी कपाटात गेल्या. त्यांच्या बदली १५० ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या पटर मागवल्या. हलकी चकती लहान हातातून जास्त वेळ तरंगते, आणि लागली तरी कमी लागते.

नव्या मांडणीत मी एकच कसोटी धरली: वर्गातला शेवटून चौथा मुलगा तीन-चार फेकींत बुट्टीपाशी पोचला पाहिजे. शेवटून पहिला धरला असता तर अंतरं फारच छोटी झाली असती. तडजोड आहे, आणि त्या तिघांसाठी एक पाऊल पुढची वेगळी रेषा आखली. नवी अंतरं: २६, ३८, ३१, ४४, २९, ३५. एकूण २०३, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. पहिली बुट्टी मुद्दाम सगळ्यात जवळची, सरळ, मध्ये काहीही नाही. लिंबाची झाडं चौथीला येतात. तिथं ४४ मीटर आहेत, पण उजवीकडून झाडाला वळसा घालून चकती आपसूक डावीकडं बुट्टीकडं येते. वळसा हा दोष असतो असं मानलेल्या पोरांना तिथं पहिल्यांदा त्याचा उपयोग कळतो.

आणि फेरीची दिशा उलटी केली. पश्चिमेच्या कडेनं आता दक्षिणेला जायचं. ऊस उजव्या हाताला, चकती वळते डावीकडं, मैदानाच्या आत. सगळ्या ओळी कडेपासून पंधरा पावलं आत घेतल्या. शिपाईमामा फक्की मारायला आले होते, त्यांनी बाणांची दिशा बघितली आणि हात थांबवला. "सर, उलटी प्रदक्षिणा कशी काय?" मी सांगितलं, मधोमध देव नाही, नुसतं गवत आहे. ते म्हणाले, "तरीबी." पहिल्या बुट्टीपाशी त्यांनी एक नारळ फोडला, मग बाण मारले.

बुट्टीभोवती दहा मीटरचं वर्तुळ फक्कीनं आखतो. नियमाप्रमाणे या वर्तुळातून टाकताना तोल सावरल्याशिवाय पुढं पाऊल टाकता येत नाही. पोरांना हा नियम शिकवायला अजिबात कष्ट पडले नाहीत, कारण लगोरीपासून गोट्यांपर्यंत "पाय पुढं गेला" हे बघणारे डोळे आमच्याकडं तयारच असतात. उसात गेली तर आत शिरायचं नाही. काठावरच्या पांढऱ्या दगडापासून पुढची फेक. मूळ खेळात हद्दीबाहेर गेलं की एक फेक दंड पडतो, तो आम्ही आठवीपासून पुढं लावतो. सहा फेकींत नाही झालं तर चकती उचलायची, सात लिहायचे, पुढं चालायचं. हा शेवटचा नियम त्या चष्म्याच्या मुलीमुळं केला. तो तिला लागायची वेळ आता क्वचित येते.

तासाची विभागणी अशी: निम्मा वर्ग चकतीला, निम्मा खो-खोला, पुढच्या तासाला अदलाबदल. चकतीच्या चोवीस जणांच्या बारा जोड्या, एका जोडीला एकच चकती, आळीपाळीनं फेक. प्रत्येक बुट्टीच्या रेषेवर दोन जोड्या उभ्या राहतात आणि शिट्टीला सगळ्या सहा ठिकाणी एकदम खेळ सुरू होतो. कुणालाच रांगेत थांबावं लागत नाही. चकत्या कमी होत्या म्हणून जोडीला एक काढली, पण त्यानं झालं असं की जोरात टाकणाऱ्याला जवळून टाकणाऱ्याची गरज पडायला लागली. लांबची फेक पैलवान करतो आणि बुट्टीत टाकायला जोडीदाराकडं बघतो. जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी बाराच्या बारा जोड्यांनी सहाही बुट्ट्या पुऱ्या केल्या, २८ मिनिटांत. उरलेली सात मिनिटं काय करायचं हे मी ठरवलंच नव्हतं. पोरांनी ठरवलं. पुन्हा पहिल्या बुट्टीकडं पळाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वर्गात दोघं डावखुरी आहेत, एक मुलगा, एक मुलगी. डाव्या हाताची बॅकहँड उजवीकडं वळते. म्हणजे मी चव्वेचाळीस जणांचा ऊस टाळला आणि तो या दोघांच्या वाट्याला दिला. मुलगा वैतागून खो-खोकडं गेला. मुलीनं फोरहँड शिकून घेतली, बॅडमिंटनसारखी, कुशीतून मनगटानं सोडलेली. डाव्या हाताची फोरहँड डावीकडं वळते. आठवडाभर तिची चकती जमिनीवर चाकासारखी घरंगळत जायची, मग एक दिवस उडाली. आता लिंबाच्या बुट्टीला तिच्याकडं दोन्हीकडून जायचे रस्ते आहेत, बाकीच्यांना एकच.

दुसरा प्रकार पाचव्या बुट्टीचा. मैदानाच्या आग्नेय कोपऱ्यातून वाडीवर जायची पायवाट आहे, ती मी धरलीच नव्हती. एका सकाळी मोटारसायकलवरच्या दूधवाल्याच्या किटलीवर चकती आपटली. आवाज देवळातल्या घंटेसारखा झाला; दूध सांडलं नाही, माणूस घाबरला. तो काही बोलला नाही, पण मी दुसऱ्या दिवशी ती बुट्टी पायवाटेपासून पार आत घेतली, आणि फेकायच्या आधी मोठ्यानं ओरडायचा नियम केला. तिकडं "फोर" ओरडतात. आमची पोरं "आलीऽऽ" ओरडतात, शिवणापाणीसारखं. समोरचं माणूस बाजूला झाल्याचं दिसल्याशिवाय फेकायची नाही, आणि हा नियम मोडला तर त्या दिवसापुरता खेळ बंद. दोघांचा झाला आहे.

पावसाळ्याचं अजून सुटलेलं नाही. जून ते सप्टेंबर इथं पश्चिमेकडून वारा येतो, आणि समोरून वारा घेतलेली हलकी चकती वर उठते आणि उलट उजवीकडं झुकते. म्हणजे पश्चिमेच्या कडेला वारा जरा नैर्ऋत्येकडून फिरला तरी उलटी फेरी पुन्हा उसाकडंच तोंड करणार. शिवाय आमची काळी जमीन. दोन सरी पडल्या की पायाला चिकटलेला चिखल चपलेपेक्षा जड होतो. त्या दिवसांत लिंबाखालच्या तीनच बुट्ट्या उभ्या करायच्या, असं सध्या ठरवलं आहे. जुलैत कळेल.

फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्या उसाला तोड आली. मालकानं आदल्या दिवशी निरोप पाठवला: तोड झाल्यावर दोन दिवस पाचट पेटवत नाही, चकत्या बघून घ्या. पेटवलं असतं तर प्लॅस्टिकचे डाग तेवढे राहिले असते. मधल्या सुट्टीत वर्ग घेऊन गेलो. रान मोकळं, वर पाचटाचा पिवळा थर. टोळीतल्या लोकांनी सहा चकत्या आधीच बांधावर काढून ठेवल्या होत्या, सातवी पोरांना सापडली. आठवी कोयत्यानं मधोमध तुटलेली, दोन्ही अर्धे सापडले. नववी नाही. टोळीतली दोन लहान पोरं आमच्याकडं बघत होती, त्यांना आमच्या मुलांनी दोन-चार फेकी टाकायला शिकवलं. त्यातल्या थोरल्याची पहिलीच फेक माझ्या डिसेंबरच्या खुंट्यांच्या हिशोबात पहिल्या पाचांत आली असती.

आम्ही निघालो तेव्हा मालक सात चकत्यांमधली एक हातात घेऊन उलटीपालटी करून बघत होता. लाल, जाड काठाची पटर. मला वाटलं टाकून बघायची असेल, म्हणून म्हटलं, टाका की मामा. तो हसला.

"टाकायला नको. एवढी एक ऱ्हाऊ दे का मला? शेडात पाण्याची घागर हाय, तिच्या तोंडावर बरोब्बर बसतीया."